‘देऊ नका मकरणे’

जुन्या घराची आवराआवर निघाली की माळ्यावरून पत्र्याची एक पेटी खाली येते, पेटीतून घड्यांवर फाटलेला एक पिवळट मोडी कागद निघतो, आणि घरातली मंडळी एकाएकी इनामदारी थाटात बोलू लागतात. कागद कोणालाच वाचता येत नसल्यामुळे त्यात काय आहे याबद्दल कोणाच्याच मनात शंका नसते. ती सनद असते. पेशव्यांनी, काही घरांत तर थेट छत्रपतींनी, खापरपणजोबांना गाव इनाम दिल्याची. मग ती सनद प्लास्टिकच्या पिशवीतून मोडी वाचणाऱ्या एखाद्या काकांकडे जाते. काका चष्मा कपाळावर सरकवतात, कागद नाकापाशी नेतात, उलटा करून पाठ बघतात, पुन्हा सुलटा करतात आणि बराच वेळ काहीच बोलत नाहीत. एवढ्या वेळात इनामाच्या गावांची संख्या एकावरून तीनवर गेलेली असते.

“गहाणखत आहे,” काका शेवटी म्हणतात. “तुमच्या पूर्वजांनी दोन बिघे जिराईत गहाण टाकून चाळीस रुपये घेतलेत.”

“मग फेडले का?”

“ते दुसऱ्या कागदात असणार.”

मराठी माणसाच्या इतिहासप्रेमाची पंचाईत अशी, की ज्या इतिहासासाठी तो मुठी आवळतो, तो त्याला वाचता येत नाही. यादवांचा मंत्री हेमाडपंत याने मोडी आणली असं परंपरा सांगते. खुद्द हेमाडपंताने याबद्दल काही लिहून ठेवलेलं नाही, आणि ठेवलं असेल तर बहुधा मोडीतच असेल. ते काही असो, त्यानंतर शतकानुशतकं मराठी मुलखाचा कारभार या लिपीत चालला. आज्ञापत्रं, जमाखर्च, निवाडे, कर्जरोखे, हेरांच्या बातम्या, घोड्यांच्या चंदीचे हिशेब, सगळं मोडीत. विसाव्या शतकाच्या मध्याला सरकारदरबारातून तिला निरोप मिळाला आणि एका पिढीत आजोबांचं अक्षर नातवाला परदेशी झालं. पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला अजूनही सगळे पेशवे दफ्तरच म्हणतात, असे कोट्यवधी कागद आहेत. ते रुमालांत बांधलेले असतात. हे रुमाल म्हणजे मोठ्या फडक्यांत बांधलेली गाठोडी. खिशातल्या रुमालाची गरज गाठ सोडल्यावर, पहिल्या शिंकेला लागते. कागद उलगडताना कधी कधी टेबलावर बारीक चकाकते कण पडतात. ओली शाई टिपण्यासाठी कोण्या कारकुनाने दोन-अडीचशे वर्षांपूर्वी भुरभुरलेली ती वाळू असते. वाळू जशीच्या तशी हाती येते. मजकूर येत नाही.

तो का येत नाही, हे समजायला कारकुनाच्या हाताकडे बघायला हवं. तो आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक सलग रेघ ओढून घेई आणि मग दोरीवर धुणं वाळत घालावं तशी तिला अक्षरं टांगत जाई. बोरू उचलायचा तो शाई संपली तरच. बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, आपण काना वरून खाली ओढतो. मोडीत तो खालून वर जातो, कारण वर पोचलं की हात पुढच्या अक्षराला मोकळा. या घाईत काना-मात्रा लागताच अक्षराचा चेहराच बदलतो आणि नुसत्या ‘क’ला ओळखणारा माणूस ‘का’ समोर आला की ओळख दाखवत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद लिपीने ठेवलेलाच नाही. शुद्धलेखनात आयुष्यभर मार खाल्लेल्या लोकांना मोडीबद्दल जे ममत्व वाटतं, त्याचं मूळ इथे आहे. अनुस्वार द्यायचा की नाही ही लिहिणाऱ्याची खुशी. स्वल्पविराम, पूर्णविराम वगैरे चैन नाही. आणि सर्वांत मोठी गंमत म्हणजे दोन शब्दांत जागा सोडायची नाही. ओळ संपली की शब्द जिथे असेल तिथे तुटतो आणि उरलेला खालच्या ओळीत जाऊन पडतो.

परिणाम काय होतो, ते एका साध्या वाक्यावरून बघा. समजा, कारकुनाने लिहिलं आहे: मजुरीदेऊनकामकरणे. शिकाऊ वाचक एकेक अक्षर सोडवत, घाम पुसत, मोठ्या आवाजात वाचतो, “मजुरी... देऊ... नका...” आणि थांबतो. वर्गातल्या निम्म्या लोकांना पेशवाईच्या ऱ्हासाचं कारण सापडल्यासारखं वाटतं. “पुढे?” गुरुजी विचारतात. “पुढे ‘मकरणे’ आहे, सर. मकरणे म्हणजे काय?” मागच्या बाकावरचे निवृत्त बँक अधिकारी सुचवतात की तो फारसी शब्द असावा. मोडीच्या वर्गात न कळलेला प्रत्येक शब्द पहिल्या खेपेस फारसीच असतो. ‘मजुरी देऊन काम करणे’ इतकी निरुपद्रवी आज्ञा तिथे होती, हे उमगेपर्यंत चहाची वेळ होते. असाच ‘नवराजागा’ कुठे भेटला, तर नवरा जागा होता, की कोण्या नव्या राजाला ‘गा’ म्हणून हाक मारली आहे, हे मागचापुढचा मजकूर लागल्याशिवाय सांगता येत नाही.

त्यात कारकुनाला आखडून लिहायची सवय. मौजे म्हणजे ‘मौ॥’, परगणे म्हणजे ‘प॥’, मुक्काम म्हणजे ‘मु॥’. अक्षरापुढे दोन उभ्या रेघा मारल्या की झालं. उरलेला शब्द वाचणाऱ्याने समजून घ्यावा. पण याच दोन रेघा अंकापुढे आल्या तर त्यांचा अर्थ अर्धा. म्हणजे ‘५॥’ हे साडेपाच आणि ‘प॥’ हे परगणे. आता जुन्या वळणातला ‘५’ आणि घाईतला ‘प’ एकमेकांच्या किती जवळ जाऊ शकतात हा अक्षराच्या नशिबाचा प्रश्न आहे. परगणा साडेपाच रुपयांना गेल्याचं ऐकून हळहळणाऱ्यांनी आधी भिंग घ्यावं.

तारखेची तर बातच वेगळी. सुरुवातीलाच एकटा ‘छ’ दिसतो. हा चंद्राचा ‘छ’. मुसलमानी महिन्याची तिथी पुढे येते आहे याची ती खूण. मग जमादिलावल, रबिलाखर असा महिना. मग साल, तेही आकड्यांत नव्हे, अरबी शब्दांत आणि एकं-दहं-शतं अशा उलट क्रमाने. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. झाले ११६१. हे शुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, की इसवी सन १७६०-६१ येतो, म्हणजे पानिपताचं वर्ष. ५९९ की ६००, हे महिन्यावर ठरतं, कारण हे साल जानेवारीतही बदलत नाही आणि गुढीपाडव्यालाही नाही. ते मृग नक्षत्र लागलं की बदलतं. शेतसाऱ्याच्या कारभाराला ते सोयीचं होतं. थोडक्यात, पुण्यातला एक जानवेधारी कारकून मराठी भाषेत, मोडी अक्षरांत, हिजरी महिन्याची तिथी आणि पावसाळ्यावर चालणारं अरबी साल लिहीत होता, आणि त्याला यात काहीही विशेष वाटत नव्हतं. विशेष वाटतं ते आपल्याला. ‘समान’ म्हणजे आठ आणि ‘समानीन’ म्हणजे ऐंशी. शब्दाचं शेपूट शाईच्या डागाखाली गेलं, की बहात्तर वर्षांचा फरक पडतो आणि नातू आजोबांच्या जन्माआधीच लढाईत पडतो. म्हणून अनुभवी वाचक साल लागलं तरी लगेच मान डोलावत नाहीत. जंत्री काढतात, तिथी-वार ताडून बघतात, पत्रातला धनी त्या साली जिवंत होता ना, याची खातरजमा करतात.

नवशिक्याचा सगळ्यात आनंदाचा क्षण मायन्याच्या वेळी येतो. ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’ हे तो धडाधड वाचतो. सवाष्णीला लिहिलं असेल तर ‘वज्रचूडेमंडित’, विधवेला असेल तर ‘गंगाभागीरथी’, तेही लगेच लागतं. वाटतं, जमली मोडी. वास्तविक त्याने अजून एकही अक्षर वाचलेलं नसतं. मायना ठरलेला असतो, म्हणून तो पाठ म्हणत असतो. मायना संपून मजकूर सुरू होतो, म्हणजे गावाचं नाव, रक्कम, धान्याचं माप, कोण कोणाच्या अंगावर धावून गेला हे येतं, आणि नेमकं तिथेच कारकुनाचं अक्षर उधळतं. लक्ष्मी अलंकृत स्पष्ट, आणि ती लक्ष्मी किती रुपये, हे मात्र किरटं.

या कारकुनाला लोक फार शिव्या घालतात. ते बरोबर नाही. त्याने आपल्यासाठी लिहिलंच नव्हतं. त्याचं पत्र पुण्याहून साताऱ्याला जायचं, तिथे ते धन्यापुढे वाचून दाखवायला दुसरा कारकून बसलेला असायचा, आणि दोघे एकाच तालमीत घोटून तयार झालेले असायचे. तो पाटील कोण, ती बाकी कसली, मागच्या पत्रात काय ठरलं होतं, हे दोघांनाही ठाऊक. निम्मं पत्र कागदावर आणि निम्मं वाचणाऱ्याच्या डोक्यात, असा तो व्यवहार होता. कागदावरचं निम्मं आपल्यापर्यंत आलं आहे. आपण दुसऱ्यांची पत्रं वाचतो आहोत, न विचारता, तीही अडीचशे वर्षं उशिरा, आणि वर तक्रार अक्षराची. म्हणूनच नुसती बाराखडी पाठ केलेला माणूस कागदासमोर हतबल होतो, आणि ज्याला त्या काळातले जमिनीचे प्रकार, बलुत्यांचे हक्क, सुभ्यांतली गावं आणि घराण्यांतली भांडणं माहीत आहेत, तो फाटक्या कोपऱ्यातलाही मजकूर सांगतो. अक्षर ओळखण्याआधी त्याने माणूस ओळखलेला असतो.

चांगल्या अक्षराचा आग्रह त्या काळात कोणी धरलाच नाही असंही नव्हे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर वाटोळं, सुटं, काळंभोर असावं, ओळी सरळ असाव्यात, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच लेखणीने लिहिल्यासारखं दिसावं, इथपासून ते कागद कापावे कसे, राखावे कसे, इथपर्यंत सगळं त्यात येतं. तरुणपणी हौसेने बारीक अक्षर काढलं तर ते म्हातारपणी उपयोगी पडत नाही, हा इशाराही आहे. चष्मा सर्रास मिळत नव्हता त्या काळात याहून व्यवहारी उपदेश सापडणं कठीण. पण समर्थ बोलत होते ते बाळबोध अक्षराबद्दल. पोथी लिहिणाऱ्यांनी ऐकलं. फडावरच्या कारकुनाला जासूद दारात खोळंबलेला दिसत होता.

वळणं मात्र काळाबरोबर बदलत गेली, आणि जाणकाराला नुसत्या वळणावरून कागदाचं वय सांगता येतं. शिवकाळातलं वळण, मग पेशवाईतलं घोटीव, तिरकं, गोलाईदार चिटणीशी वळण, आणि मग इंग्रजी अमदानी. या शेवटच्या टप्प्यात बोरू जाऊन पोलादी टाक आला, अक्षरातला जाड-बारीकपणा गेला आणि सगळंच केसाएवढं बारीक झालं. त्यामुळे गंमत अशी, की नाना फडणविसांच्या काळचा कागद लागतो आणि पणजोबांच्या काळचा फेरफार लागत नाही. छापखान्यानेही मोडीला हात लावून पाहिला होता. विल्यम कॅरीचा मराठी कोश १८१० साली श्रीरामपूरला, म्हणजे बंगालात, निघाला, तो मोडी खिळ्यांत. पण एकमेकांचा हात न सोडणारी अक्षरं शिशात सुटी पाडणं हा आतबट्ट्याचा धंदा होता, आणि छापण्यासाठी बाळबोधच सोयीची ठरली.

मग प्रश्न उरला, लिहिलेल्या ढिगाऱ्याचं काय करायचं. वि. का. राजवाडे यांनी त्यासाठी आयुष्य उधळलं. गावोगाव पायपीट करायची, वाड्यांची दारं ठोठावायची, वाळवी आणि वारसदार या दोघांच्या तावडीतून कागद सोडवायचे. वाळवी त्यातल्या त्यात समजूतदार. ती निदान ‘तुम्हाला कशाला हवेत?’ असं विचारत नाही. १८९८ पासून निघालेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड आणि १९१० साली पुण्यात उभं राहिलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ ही त्या उधळपट्टीची शिल्लक. पेशवे दफ्तराची कथा निराळी. ते इंग्रज सरकारच्या कुलपात होतं आणि अभ्यासकांना सहजासहजी उघडून मिळत नसे. मिळालं तेव्हा गो. स. सरदेसाई साठी ओलांडून गेले होते. ज्या वयात माणूस नातवंडांच्या गृहपाठातलं अक्षर लागत नाही म्हणून कुरकुरतो, त्या वयात त्यांनी मदतनिसांना घेऊन रुमाल सोडायला सुरुवात केली आणि १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड बाहेर काढले. ढिगाच्या मानाने तरीही हा चिमूटभर अंशच.

आणि एवढ्या कोट्यवधी कागदांत मराठी माणसाला ठाऊक असलेला मोडी कागद कोणता? ज्यात ‘ध’चा ‘मा’ झाला तो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना ‘धरावे’ म्हणून लिहून दिलं होतं, आनंदीबाईंनी ते ‘मारावे’ केलं, अशी कथा. शाळेपासून नाटकापर्यंत ती सगळीकडे पोचली आहे. तो कागद मात्र आज कोणासमोर नाही. ही खाडाखोड झाली होती का, हे दाखवायला पुरावा नाही. म्हणजे आपल्याकडचा सर्वांत प्रसिद्ध मोडी कागद हा असा आहे, की जो न वाचता प्रत्येकाला पाठ आहे. आनंदीबाईंना निदान हेतू तरी असावा लागला. मोडीच्या वर्गात ‘ध’चा ‘मा’, ‘मा’चा ‘भा’ आणि भाच्याचा मामा निव्वळ सद्भावनेतून रोज होतो.

असे वर्ग आता बरेच चालतात. पुराभिलेख विभागही भरवतो. विद्यार्थ्यांत इतिहासाची पोरं असतात, जमिनीच्या दाव्यांवर जगणारे वकील असतात, आणि नोकरीत असताना ज्यांची सही कोणालाच लागली नाही असे निवृत्त साहेबही असतात. तंजावरकडे तर याहून अवघड कसरत आहे. तिथल्या भोसले राजांच्या दरबारचे मराठी मोडी कागद अभ्यासणाऱ्या तमीळ माणसाला आधी मराठी शिकावी लागते आणि मग ती ओळखू येणार नाही अशा लिपीत वाचावी लागते. तिथल्या तमीळ विद्यापीठाने त्या कागदांचे तमीळ अनुवाद प्रसिद्ध केले आहेत. मराठी माणसाला आपला इतिहास तमिळीतून वाचणं सोपं, अशीही वेळ त्यामुळे येऊ शकते.

एरवी मोडीवाल्या काकांना समाजात फारसा भाव नव्हता. लग्नात त्यांच्या शेजारची खुर्ची लोक टाळत, कारण काका पंगत उठेपर्यंत सनद आणि इनामपत्र यांतला फरक समजावत. २०२३ च्या सप्टेंबरात चित्र पालटलं. कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तहसिलांचे अभिलेख कक्ष उघडले, जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवह्या, ज्यांना खेड्यात कोतवाल बुक म्हणतात, त्या झटकून बाहेर आल्या, आणि त्यांतल्या पुष्कळशा निघाल्या मोडीत. मराठवाड्यात मोडीच्या जोडीला निजामाच्या राजवटीतली उर्दूही. एकदम सगळ्यांना मोडी वाचणारा माणूस हवा झाला. काकांचा फोन वाजू लागला, त्यांना न्यायला गाडी येऊ लागली. अभिलेख कक्षातल्या त्या मंडळींनी उपसलेल्या नोंदी लाखांनी मोजाव्या लागल्या. हे काम भलतंच नाजूक. पेशवाईतलं पत्र चुकीचं वाचलं तर फार तर पुढच्या अंकात कोणी प्रतिवाद करतो. इथे एका अक्षरावर कोणाचा जातीचा दाखला अडलेला असतो. शिवाय घरची मंडळी खांद्याला खांदा लावून उभी. त्यांना मोडी येत नाही, पण काय वाचायचं आहे हे पक्कं माहीत असतं. “काका, नीट बघा, तिथं तसंच असेल.” काकांनी मान हलवली की ते भिंग पुसून देतात.

आता यंत्रालाही हे शिकवणं चालू आहे. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडात जागा मिळाली, त्यामुळे ती फोनवर टंकता येते. रुरकीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी मोडी कागदांच्या दोन हजारांवर प्रतिमा देवनागरी पाठांसकट जमवून, त्यांवरून संगणकाला लिप्यंतर शिकवण्याचा घाट घातला आहे. कोट्यवधी कागद आणि मूठभर वाचक हे गणित बघता तो घालायलाच हवा होता. यंत्र थकत नाही, शिंकत नाही, चहाला उठत नाही. फक्त अडलं, की ‘हे मला लागत नाही’ असं म्हणायची विद्या त्याला अजून पुरती साधायची आहे. ती काकांना तीस वर्षांनी साधली.

तोवर वर्ग संपवून बाहेर पडलेल्यांचे व्हॉट्सअॅप गट जोमात असतात. सराव सुटू नये म्हणून मंडळी एकमेकांना शुभ सकाळ मोडीत करतात, वाणसामानाची यादी मोडीत लिहितात आणि घरच्यांनी ती दुकानात नेली की साबुदाण्याऐवजी साबण येतो. मग कोणीतरी टेबलाच्या खणात सापडलेला एक चिठोरा फोटो काढून टाकतो. कोणाला लागतोय का? तासाभरात चार वाचनं येतात. एकाला त्यात धान्याची बाकी दिसते, दुसऱ्याला गलबताच्या मालाची नोंद, तिसरा शब्द न शब्द फारसी असल्याचं कळवतो. वळणावरून कागद उत्तर पेशवाईतला ठरत आलेला असतो, तेवढ्यात फोटो टाकणाऱ्याच्या बायकोचा निरोप येतो, की ती गेल्या मंगळवारची भाजीची यादी आहे आणि कोथिंबीर अजून आलेली नाही.